आडवी खुर्ची

किल्लीकाकूंच्या दुकानात भिंतभर कुलपं टांगलेली असायची, आणि ज्या गल्लीत हे दुकान होतं त्या गल्लीत भर दुपारी एकाही दाराला कुलूप दिसायचं नाही. आता बोला! नवखं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "काकू, तुमच्याच शेजाऱ्यांना कुलपं परवडत नाहीत का हो?" काकू कानस चालवता चालवता म्हणायच्या, "आमच्याकडे खुर्च्या आहेत."

गल्ली फार जुनी. दगडी फरशीची, दोन्ही बाजूंना चिकटून बांधलेली अरुंद घरं, खाली दुकान आणि वर राहायला खोल्या. दुकानाचं दार इतकं अरुंद की जाड माणसाला जरा तिरकंच व्हावं लागायचं. मालक जेवायला, दाढ दाखवायला नाहीतर कुणाला पोचवायला गेला की दारात लाकडी खुर्ची आडवी अडकवायची, पाठ चौकटीच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला, बस. खुर्ची आडवी म्हणजे मालक नाही, पण दुकान चालू आहे आणि शेजारी बघतोय. गिऱ्हाईक आलं की शेजाऱ्यानं हातातलं काम टाकून उठायचं, खुर्ची बाजूला करायची, हवं ते द्यायचं आणि पुन्हा खुर्ची जागच्या जागी लावायची. त्यामुळे शिंपीमास्तरांना कड्याकोयंड्यांचे भाव पाठ होते आणि काकूंना अस्तराचे. ही रीत कोणी सुरू केली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काकू लग्न होऊन आल्या तेव्हाही खुर्च्या आडव्याच होत्या.

गल्लीच्या तोंडाचं पहिलं दुकान काकूंचं आणि त्याला लागून फ्रेमवाल्यांचं. फ्रेमवाले म्हणजे काकूंचे थोरले दीर. दोघांच्या दुकानांत भिंत एकच होती आणि बोलणं अजिबात नव्हतं. काकूंचा नवरा गेला त्याच आठवड्यात, घरात भेटायला आलेली माणसं बसलेली असताना, भाऊजी म्हणाले होते, "धाकटे, दुकान बंद कर आता. कानस चालवणं हे बाईमाणसाचं काम नव्हे." काकूंनी सगळं निमूट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. नवऱ्याच्या हाताखाली त्या सगळं शिकल्या होत्या. झोपेतसुद्धा किल्लीचे दात कापले असते त्यांनी, इतका हात बसला होता. त्या दिवसापासून दोघांत अबोला. मधल्या मध्ये थोरल्या जाऊबाईंचे हाल झाले, कारण सगळे निरोप त्यांच्या तोंडून जायचे. पण खुर्चीचं काम वेगळं. भाऊजींची खुर्ची आडवी झाली की काकू उठायच्या, काकूंची झाली की भाऊजी. भांडण माणसाशी होतं, गिऱ्हाइकाचा त्यात काय दोष?

गल्लीची आणखी एक सवय होती, आणि घोटाळा झाला तो तिच्यामुळे. हातात फाइल असलेला माणूस दिसला की म्हणायचं, बंद. कधीकाळी पालिकेची माणसं बाहेर आलेल्या पाट्यांबद्दल दंड करत फिरायची, तेव्हापासून हे अंगवळणी पडलेलं. खुर्ची आडवी असेल तर शेजाऱ्यानं बिनदिक्कत सांगायचं, हे दुकान बंद असतं हो, कुणी येतच नाही. गल्लीत याला खोटं म्हणत नसत. शेजारधर्म म्हणत.

तर एका दुपारी सगळे जेवायला गेलेले, ओळीनं खुर्च्या आडव्या, आणि राखायची पाळी काकूंची. एक मुलगी आली. हातात फाइल, गळ्यात टेप, बरोबर कॅमेरावाला. कपाळावर आठ्या नाहीत, आवाज गोड. काकूंना वाटलं, हल्ली दंडवालेही हुशार झालेत.

"हे शिंप्याचं दुकान चालू आहे का हो?"

"छे! बंद."

"कधीपासून?"

"आता काय सांगायचं. लोक तयार कपडे घेतात."

मुलगी लिहीत गेली. घड्याळवाला? बंद. पुस्तकं बांधणारे? ते गेलेच म्हणा. काकूंना रंग चढत चालला होता. शेवटी मुलगी भाऊजींच्या दारापाशी आली. "आणि हे फ्रेमवाल्यांचं?"

इथं मात्र काकूंना जरा जास्तच चेव आला. "हे? हे तर संपल्यातच जमा. मालक थकलेत, नजर गेलीय, हात थरथरतो." यातलं एकही खरं नव्हतं. मुलगी हळहळली. मग ती वाकली आणि शेजारच्या, काकूंच्याच रिकाम्या दाराच्या दगडी चौकटीवर, गुडघ्याच्या उंचीला, बोट फिरवू लागली. तिथं दोन्ही बाजूंना गुळगुळीत खाचा पडल्या होत्या. "या खाचा कशाच्या असतील?"

"कोण जाणे," काकू म्हणाल्या. त्यांना ती लवकर जायला हवी होती. संध्याकाळी चहाला सगळे जमले तेव्हा त्यांनी ही हकिगत हातवारे करून सांगितली आणि सगळे पोट धरून हसले.

पुढं गल्लीच्या तोंडाशी नोटीस लागली तेव्हा कुणीच हसलं नाही. शिंपीमास्तरांनी चष्मा पुसून मोठ्यांदा वाचली. गल्ली ऐतिहासिक आहे, बांधणी मोलाची आहे, जतन करावी अशी आहे. परंतु पाहणीत बहुतेक दुकानं बंद आढळली. वापर संपलेला असल्यामुळे एक बाजू पाडून रस्ता रुंद करण्यास हरकत नाही. कुठली बाजू, तेही लिहिलं होतं. काकूंची. भाऊजींची. मास्तरांची.

"वापर संपला?" मास्तर कडाडले. "यांना सांगितलं कोणी?"

काकूंच्या आता लक्षात आलं. ती मुलगी दंडवाली नव्हतीच तर. गल्ली वाचवायला कारण शोधत आली होती बिचारी, आणि आपण तिला एकेक दार बंद करून दाखवलं. "मी," काकू म्हणाल्या. "मी सांगितलं."

मग मास्तरच म्हणाले, "काकू, पाटीचा दंड वाचवायला गेलात आणि गल्लीच घालवलीत की हो!" भाऊजी आपल्या उंबऱ्यावर उभे राहून ऐकत होते. त्यांनी काकूंकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेले. मास्तरांचं ओरडणं परवडलं, हे बघणं काकूंना फार लागलं.

"घोळ मी घातलाय, निस्तरणारही मीच," त्या म्हणाल्या. "माझा नवरा या दुकानात बसला, मी बसले. माझ्या जिभेपायी ते कुणी पाडायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून काकू पालिकेत जायला लागल्या. दारावरचा शिपाई म्हणायचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब बाहेर गेलेत. साहेब आत्ताच गेले, चुकामूक झाली बघा. काकू मुकाट्यानं परत यायच्या, कानस उचलायच्या, आणि कानशीचा आवाज रोज जरा वाढतच चालला होता. शेवटी एका सकाळी त्यांनी आपल्या दुकानातली खुर्ची उचलली, काखोटीला मारली, भर रस्त्यातून पालिकेत नेली आणि साहेबांच्या खोलीच्या दारात आडवी लावून तिच्यावर ठाण मांडलं.

साहेब आले तेव्हा त्यांना स्वतःच्याच खोलीत शिरता येईना. "हे काय चाललंय बाई?"

"आमच्याकडे मालक जागेवर नसला की दारात खुर्ची लावतात आणि शेजारी दुकान बघतो," काकू म्हणाल्या. "तुम्ही रोजच नसता. म्हटलं, मी बघते."

शिपायानं तोंड फिरवून हसू दाबलं. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग थोडा निवळला. माणूस वाईट नव्हता, कामाखाली दबलेला होता. "बोला," ते म्हणाले.

काकूंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. त्या मुलीशी मी खोटं बोलले, दुकानं सगळी चालू आहेत, पुन्हा येऊन बघा. साहेब म्हणाले, "तेव्हा खोटं बोललात, आता खरं बोलताय हे कशावरून?"

"म्हणून तर या म्हणतेय. माझ्यावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी बघा."

फेरपाहणीचा दिवस ठरला. मास्तरांनी लगेच बेत आखला. त्या दिवशी कुणी जेवायला जायचं नाही, एकही खुर्ची आडवी दिसता कामा नये, दिवे सगळे लावायचे आणि मेव्हण्या-पाहुण्यांना बोलावून दुकानांत गर्दी करायची. काकूंनी सगळं ऐकलं. "गिऱ्हाईकं उसनी आणायची नाहीत," त्या म्हणाल्या. "एकदा थाप मारून पाहिलीय मी. आहे तेच दाखवायचं." मास्तरांनी कुरकुर केली, पण ऐकलं.

आणि नेमक्या त्याच सकाळी भाऊजी कोसळले. फ्रेमला खिळा मारता मारता हातोडी हातातून गळाली, तोंड एका बाजूला वाकडं झालं. जाऊबाईंचा आवाज ऐकून काकू धावल्या. गाडी आली, माणसांनी भाऊजींना उचललं. बोलायला जात होते, पण नुसता घशातला आवाज येत होता. मग त्यांनी चांगला हात उचलला आणि बोट दाखवलं. जाऊबाईंना वाटलं, पाणी मागताहेत. काकूंना बरोबर कळलं. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि दारात आडवी लावली. ते बघितल्यावरच भाऊजींनी हात खाली घेतला.

गाडी गेली आणि मागोमाग पाहणीवाले आले. साहेब स्वतः, आणि तीच मुलगी. मास्तर काकूंच्या कानाशी लागले, "खुर्ची काढा! कुणाला तरी आत बसवू!" काकूंनी नकारार्थी मान हलवली.

बाकीची दुकानं चालूच होती. मास्तरांचं मशीन खडखडत होतं, पुस्तकं बांधणाऱ्यांकडं खळ शिजत होती, घड्याळवाल्यापाशी एक बाई ताटकळत उभी होती. मुलगी भाऊजींच्या दाराशी थांबली. "हे मात्र बंद. तुम्हीच म्हणाला होतात, मालक थकलेत."

"तेव्हा खोटं बोलले. आजच सकाळी त्यांना दवाखान्यात नेलंय." काकूंनी खुर्चीवर हात ठेवला. "पण खुर्ची आडवी आहे ना, म्हणजे दुकान चालू आहे. मी बघतेय. आणि त्या दिवशी तू विचारत होतीस ना, तशाच खाचा या. खुर्ची घासून पडल्यात."

मुलगी फरशीवर बसलीच. खुर्चीची पाठ आणि पाय नेमके खाचांत बसले होते. तिनं खुर्ची काढली, परत लावली, मग उठून पुढच्या दाराशी गेली, तिथून त्याच्या पुढच्या. परत आली तेव्हा चेहरा उजळलेला. "साहेब, दगड असा झिजायला किती पिढ्या लागल्या असतील! भिंती सगळीकडेच जुन्या असतात. शेजाऱ्यावर दुकान टाकून जायची सवय दगडात उमटलेली मी कुठेच पाहिली नाही. हे जपायचं नाही तर काय जपायचं?"

साहेबांनी मान डोलावली, पण ते साहेब होते. "ओळ राहील, मी तसं लिहितो. या तोंडाच्या दोन दुकानांचं मात्र सांगता येत नाही. ही काढली तर गाड्यांना वळायला जागा होते, वरून तो आग्रह आहेच. फ्रेमवाल्यांचं दुकान बंद पडलं तर भिंत एकच असल्यामुळे तुमचंही जाईल. पुढच्या महिन्यात येतो. नुसती खुर्ची नको, काम चाललेलं दिसू दे."

म्हणजे गल्ली वाचली आणि काकू अडकल्या. आता सकाळी किल्ल्या, दुपारनंतर फ्रेमा. तयार फ्रेम विकणं सोपं होतं, करणं म्हणजे काकूंची सत्त्वपरीक्षा. लाकडाच्या पट्ट्या कापणं जमलं, लोखंडाशी झटलेल्या हाताला लाकडाचं काय कौतुक! पण काच? काच कापायचा तो इवलासा हिरा काकूंनी कानशीसारखा दाबून, पुढंमागं घासून चालवला, आणि काच तडकली. दुसरीही तडकली. तिसरी तर अशी तडकली की काकूंच्या तोंडून जे निघालं ते मास्तरांच्या मशीनपर्यंत ऐकू गेलं.

शेवटी काकू दवाखान्यात गेल्या. भाऊजी खाटेवर पडून छताकडे बघत होते. एक बाजू लुळी, वाचा गेलेली. काकू खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं जाऊबाईंकडे बघून म्हणाल्या, "विचारा यांना, काच का तडकते."

जाऊबाईंचा संयम सुटला. "त्यांना बोलता येत नाही, तू बोलत नाहीस, आणि मी काय पोस्टमन आहे? मेलं तुमचं ते भांडण! तूच विचार!" आणि पदर डोळ्यांना लावून त्या बाहेर निघून गेल्या.

खोलीत दोघंच उरली. काकू भाऊजींकडे वळल्या. "काच तडकते," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी मान वळवली. मग डावा हात पांघरुणाबाहेर काढला आणि चादरीवर बोटानं एक रेघ ओढली. हलकी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता. टोकाला पोचल्यावर बोट उचललं आणि हाताची मूठ मिटून घेतली.

"एकदाच? परत फिरवायचा नाही?"

भाऊजींनी डोळे मिटून उघडले.

"आणि मध्ये थांबायचं नाही?"

पुन्हा डोळे मिटले. काकू खाली स्टुलावर बसल्या. मनात साठलेलं होतं ते त्यांना आता आवरेना. "एक सांगते भाऊजी. तुम्ही मला दुकान बंद कर म्हणालात, ते मी विसरलेले नाही. मरेपर्यंत विसरणार नाही. तुमच्याबद्दल मी त्या मुलीला वाटेल ते बोलले, तेही चुकलंच माझं. पण तुमचं दुकान मी बंद पडू देत नाही. त्यात माझंही जातंय, तेव्हा उगाच उपकार समजू नका."

भाऊजी त्यांच्याकडे बघत राहिले. डोळ्याच्या कडेनं पाणी उशीवर ओघळलं, ते काकूंनीच पुसलं, जरा रागारागानंच. मग त्या रोज यायला लागल्या. कोपरे जुळवताना पट्टी कशी धरायची, मागचा पुठ्ठा कसा बसवायचा, सगळं चादरीवर. बोलायच्या एकट्या काकूच, आणि बोलायच्या पोटभर. बाहेर बाकावर बसून जाऊबाई ऐकायच्या आणि त्यांना बरं वाटायचं.

महिना संपत आला तेव्हा भाऊजींना घरी आणलं. उभं राहता येत नव्हतं. त्यांना वर खोलीत नेऊ लागले तर त्यांनी चांगल्या हातानं दाराची चौकटच धरली, सोडेनात. मग काय, दारातल्या आडव्या खुर्चीवर उशी टाकून त्यांना तिथंच बसवलं. एक पाय आत, एक बाहेर, आणि तोंड गल्लीकडे. मास्तर म्हणाले, "दुकान राखायला खुर्ची असतेच, आता खुर्ची राखायला मालक!" भाऊजींच्या तोंडाची चांगली बाजू थोडी हलली.

पाहणीवाले आले ते काकू काच कापत असताना. टेबलावर मोठी काच आडवी पडलेली, पट्टी घट्ट दाबलेली आणि हिऱ्यानं अर्धी रेघ ओढून झालेली. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या लग्नाच्या फोटोसाठी होती ती, आणि दुकानात एवढी मोठी काच दुसरी उरली नव्हती. बाहेर बुटांचे आवाज थांबले. काकूंना कळलं, पण मान वर करता येईना. थांबलं की तडकलीच.

"काय मग," साहेबांचा आवाज आला, "हे दुकान चालू आहे की बंद?"

काकूंनी श्वास धरला. हिरा काचेवर बारीक करकरत पुढं सरकत होता. मुलीनं हळूच विचारलं, "काकू?" हिरा अजून टोकाला पोचायचा होता.

आणि दारातून आवाज आला. घोगरा, अडखळता, दगडावरून दगड ओढावा तसा. "चा... लू."

सगळे खुर्चीकडे वळले. भाऊजींच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. अजून काही सांगायचं होतं त्यांना. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. जाऊबाई पुढं धावल्या तर त्यांना हातानंच थांबवलं.

"धा... कटी," ते म्हणाले. "धाकटी... चालवते."

हिरा टोकाला पोचला. काकूंनी तो उचलून बाजूला ठेवला, काच दोन्ही हातांत धरली आणि अंगठ्यांनी दाबली. टक्‌ करून तिचे सरळ दोन तुकडे झाले. काकूंना समोरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी मान खालीच ठेवली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "जरा पाय आत घ्या. साहेबांना आत येऊ द्या."